आमचा शजरा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे

"तुम्ही मूळचे कुठले?"

हा प्रश्न मला आयुष्यभर दोन प्रकारच्या माणसांनी विचारला आहे. पहिला माणूस भाड्याचं घर बघायला गेल्यावर भेटतो, रेल्वेच्या डब्यात भेटतो. तो आधी माझं मराठी ऐकतो, मग नाव ऐकतो आणि गोंधळतो. मी म्हणतो, नाशिक. तो म्हणतो, "ते कळलं हो, पण मूळचे?" दुसरा माणूस आमच्यातलाच. सोयरिकीच्या बैठकीत चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतो, "शेख म्हणजे कोणते शेख? सिद्दिकी की फारुकी?"

दोघांचा हेतू वेगळा आहे, पण दोघांना उत्तर एकच हवं असतं. मी बाहेरून आलो असं मी म्हणावं. पहिल्याला त्यावरून मला परका ठरवायचं असतं, दुसऱ्याला त्यावरून मला खानदानी ठरवायचं असतं. अरबस्तान, इराण, समरकंद, काहीही चालेल. गोदावरीच्या खोऱ्यातलं एक कोरडवाहू गाव मात्र दोघांनाही चालत नाही.

हा लेख दोघांसाठी आहे. आधी मला जे सापडलं ते सांगतो, मग भांडतो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या मित्राचे वडील वारले. अस्थिविसर्जनासाठी तो रामकुंडावर आला, मी सोबत होतो. विधी झाल्यावर त्यांच्या तीर्थोपाध्यायांनी विचारलं, "गाव कोणतं? आडनाव?" आणि आतून लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही आणली. पानं उलटली आणि अर्ध्या तासाच्या आत मित्राच्या आजोबांची सही समोर आली. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांचे भाऊ, कोण कोणत्या साली यात्रेला आलं, सोबत कोण होतं, सगळं. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे अशा नामावळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. गाववार, घराणेवार. आलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं नोंद करायची आणि पुढच्या पिढीनं येऊन ती वाचायची. माझा मित्र धाय मोकलून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला.

घरी येताना मनात एकच गोष्ट घोळत होती. आमची वही कुठे आहे?

मला माझ्या अब्बांचं नाव माहीत आहे, दादांचं माहीत आहे, परदादांचं नाव दादीच्या तोंडून ऐकलं होतं. त्याच्या पुढे अंधार. आमच्या घरात त्या अंधाराला एक झाकण होतं. बडे अब्बा नेहमी सांगायचे की आपले पूर्वज अरबस्तानातून आले, दौलताबादला राहिले आणि मग नाशिकला आले. लहानपणी आम्ही ते ऐकून छाती फुगवायचो. दादी मात्र ही गोष्ट निघाली की उठून चुलीकडे जायची. ती का उठायची हे मला फार उशिरा कळलं.

कळायला निमित्त झालं पुतणीच्या प्रवेशाचं. अभियांत्रिकीला नंबर लागत होता, पण खुल्या वर्गाची फी झेपणारी नव्हती. कुणीतरी म्हणालं, तुम्ही पिंजारी ना? मग ओबीसीचा दाखला काढा. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत पिंजारी आहेत, तांबोळी, बागवान आहेत. १९९४ च्या डिसेंबरात निघालेल्या शासन निर्णयानं मुस्लिम ओबीसींना दाखले देण्याचा मार्ग मोकळा केला, त्यामागे शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांची मोठी चळवळ होती आणि दिलीपकुमारांसारखा माणूस त्या चळवळीत गावोगाव फिरला होता. म्हणजे हक्क कागदावर होता. फक्त आम्हाला सिद्ध करायचं होतं की आम्ही तेच.

ज्यानं ही पायरी चढली आहे त्याला पुढचं सांगायला नको. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेच्या आधीच्या कागदावर आपल्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाची जात लिहिलेली हवी. सोबत वंशावळीचं शपथपत्र. पणजोबापासून अर्जदारापर्यंतचं झाड काढून, प्रत्येक फांदीला कागद लावून द्यायचं. आणि कागद जितका जुना तितकं त्याचं वजन जास्त. स्वातंत्र्यपूर्व नोंदींना सर्वाधिक महत्त्व द्यावं हे सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं आहे.

आमच्याकडे होता दादांच्या धाकट्या भावाचा शाळेचा दाखला. त्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता: मुसलमान.

कार्यालयातले साहेब (कुठलं कार्यालय ते सोडा, सगळीकडे हाच संवाद होतो) म्हणाले, "मुसलमान हा धर्म झाला. जात कुठे आहे?" मी म्हटलं, "साहेब, हा रकाना आम्ही भरलेला नाही, मास्तरांनी भरलाय." ते म्हणाले, "मग मास्तरांना विचारा." मास्तर जाऊन चाळीस वर्षं झाली असतील.

इथून माझा खरा शोध सुरू झाला. एका वकील मित्रानं ‘कोतवाल बुक’ हा शब्द कानावर घातला. गाव नमुना नंबर १४. पूर्वी गावात जन्म झाला, मृत्यू झाला की कोतवाल नि पोलीस पाटील ती खबर नोंदवत. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, आणि मयत असेल तर वय आणि आजार. जुनी बुकं मोडीत आहेत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात गठ्ठे बांधून ठेवलेली असतात. मी अर्ज केला, फी भरली, खेपा घातल्या. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक सोबत घेतले. तिथला शिपाई पहिल्या दिवशी म्हणाला, "चाचा, तुमच्यातलं कुणी इथं येत नाही बघा." दुसऱ्या खेपेला त्यानंच मला खुर्ची आणून दिली.

तिसऱ्या खेपेला गुरुजींचं बोट थांबलं. परदादांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आणि पुढे जात: पिंजारी. साल १९१८.

नोंद जन्माची नव्हती. तीन मृत्यूंची होती. १९१८ च्या त्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाच्या साथीनं मुंबई इलाखा झोडपून काढला होता, हे मी पुस्तकात वाचलेलं. त्या पानावर ते दिसत होतं. एकाखाली एक मराठा, महार, माळी, पिंजारी, ब्राह्मण, कोळी. जातीचा रकाना दर ओळीला बदलत होता आणि आजाराच्या रकान्यात वर एकदा ‘ताप’ लिहून खाली नुसतं कित्ता, कित्ता, कित्ता. लिहिणाऱ्याला तो शब्द पुन्हा लिहायलाही फुरसत नव्हती. नऊ दिवसांत परदादांच्या घरातली तीन माणसं गेली. त्यांची आई, त्यांचा भाऊ आणि एक मुलगी. वय वर्षं तीन. तिच्या नावाच्या जागी नाव नव्हतं. "मुलगी" एवढंच.

शंभर वर्षांत आमच्या घरात कुणीही त्या मुलीचा उल्लेख केला नव्हता. अरबस्तानातून आलेल्या घोडेस्वारांचा उल्लेख दर ईदला व्हायचा.

आता भांडायला सुरुवात करतो, आणि ती घरापासून करतो.

आपल्याकडे शजरा नावाची एक चीज असते. कुणाच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेली, कुणाच्या ट्रंकेत गुंडाळलेली. खाली आपलं नाव आणि वर थेट सातव्या शतकातला एखादा थोर पुरुष. काही घराण्यांचे शजरे खरे आहेत. दर्ग्यांचे, सज्जादानशीनांचे, काझींचे, ज्यांच्याकडे सनदा आहेत, इनामाचे कागद आहेत, पिढीगणिक साक्षीपुरावे आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत शाळेत नाव घालताना आडनाव बदलून खानदानी झालेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांबद्दल. उत्तर हिंदुस्तानात एक जुनी म्हण आहे. तिचा मतलब असा, की पूर्वी मी विणकर होतो, यंदा शेख आहे, आणि पुढच्या वर्षी पीक बरं आलं तर सय्यद होईन. हसून सोडून देण्यासारखी ती म्हण नाही. आमच्या घराचा तो इतिहासच आहे.

दाखल्याच्या निमित्तानं मी बडे अब्बांना शेवटी विचारलंच. नव्वदीला टेकलेला माणूस. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, शाळेत पोरं ‘पिंजाऱ्या, पिंजाऱ्या’ म्हणून चिडवायची, खांद्यावर पिंजण घेतल्याची नक्कल करायची. पाचवीत दुसऱ्या शाळेत नाव घालताना त्यांनी मास्तरांना सांगितलं, शेख लिहा. जात विचारली तर म्हणाले, मुसलमान. बाजूला बसलेली त्यांची बहीण, माझी फुफी, एवढंच म्हणाली, "अम्मा को भोत बुरा लगा था उस दिन."

तेव्हा कळलं दादी चुलीकडे का जायची. तिचा बाप, तिचा सासरा, तिचा नवरा, तिघांनी जन्मभर पिंजण चालवून लोकांच्या गाद्या-रजया भरल्या. तातीचा तो टणत्कार ऐकून बायका दारात यायच्या. त्या कापसाच्या धुळीनं फुप्फुसं भरली, पण त्या पैशांवर पाच पोरं शिकली. आणि शिकलेल्या पोरांनी पहिलं काम काय केलं? बापाचा धंदा नावातून पुसून टाकला.

मी बडे अब्बांना दोष देत नाही. दहा वर्षांच्या मुलाला लाज वाटायला लावणारी शाळा, गल्ली आणि समाज यांना देतो. पण पन्नाशीच्या माणसाला, शिकलेल्या माणसाला, आज ती लाज जपण्याचं कारण काय?

आपण ज्या परंपरेचे आहोत असं म्हणतो, तिच्यात एक गोष्ट जगात दुसरीकडे क्वचित सापडेल अशी आहे. हदीस स्वीकारण्याआधी ती कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी तपासायची. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, खरा होता का, ज्याच्याकडून ऐकलं त्याला भेटला होता का, याची छाननी करायची. त्यासाठी अस्मा-उर-रिजाल नावाचं अख्खं शास्त्र उभं राहिलं, हजारो माणसांची चरित्रं लिहिली गेली. एक कडी तुटली तर हदीस कमजोर. आणि याच परंपरेचे वारस आपण, घरातल्या शजऱ्यातल्या पंधरा कड्या गायब असताना डोळे मिटून मान डोलावतो! बुखारींच्या कसोटीला आपले किती शजरे उतरतील, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा.

बरं, हिशोबही साधा आहे. आपल्याला दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. असं दहा पिढ्या मागे गेलं की १०२४ माणसं होतात. वीस पिढ्यांत दहा लाखांच्या वर. शजरा त्यांतली एक सरळ रेघ उचलतो, तीही फक्त बापांची, आणि सांगतो की हे म्हणजे तू. बाकीच्या हजार माणसांचं काय? आणि त्यांतल्या अर्ध्या बायका होत्या, त्यांचं काय? कुराणात, सूरह हुजुरातमध्ये, जमाती आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत असं सांगितलंय. त्यावरून मोठेपणा ठरत नाही, तो परहेजगारीवरून ठरतो. दर जुम्म्याला हे ऐकायचं आणि रविवारी सोयरिकीत "कोणते शेख" विचारायचं?

यावर आमच्यातले काही जाणकार उलटा मुद्दा मांडतात. इस्लाममध्ये जात नाही, मग तुम्ही कागदात जात का शोधत बसता? ऐकायला छान आहे. पण जात नाही म्हणणाऱ्या याच मंडळींच्या स्थळांच्या चिठ्ठ्या वाचा. "सय्यद खानदानातील मुलगी पाहिजे." जात दाखल्यावरून गेली, दस्तरखानावरून गेली नाही. जुन्या नाशकात फिरून बघा. पिंजारघाट, बागवानपुरा, कोकणीपुरा, नाईकवाडीपुरा. आमच्या गल्ल्यांची नावंच सांगतात की इथं कोण काय करायचं, कोण कुठून आलं. इंग्रजांनी १८८३ मध्ये नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही मुसलमान व्यवसायवार, जमातवार मांडलेले आहेत. आजार लपवला म्हणून बरा होत नाही. उलट लपवल्यामुळे औषधाचा हक्क गेला. बडे अब्बांच्या एका शब्दाची किंमत त्यांच्या नातीनं खुल्या वर्गाची फी भरून चुकवली. कागद मिळाला, पण सत्र सुरू झाल्यावर. तोवर तिच्या आईच्या बांगड्या गेल्या होत्या.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, म्हणजे रेल्वेच्या डब्यातल्या त्या गृहस्थांकडे.

तुम्हाला वाटत असेल, हा लेखक आमच्याच बाजूनं बोलतोय. बघा, हाच कबूल करतोय की यांचे पूर्वज इथलेच, म्हणजे हे बाटलेले. थांबा जरा. कोतवाल बुकात मी परदादांच्या वडिलांपर्यंत पोचलो. तिथंही ते पिंजारीच आहेत आणि मुसलमानच आहेत. त्यांच्या आधी कुणी, कधी, कशासाठी कलमा वाचला याचा कागद माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडे तर नाहीच नाही. जबरदस्तीनं वाचला असं तुम्ही छातीठोकपणे सांगता, तेव्हा तुम्हीही एक शजराच लिहीत असता. फक्त तो माझ्या वतीनं लिहिता. आणि समजा कधीकाळी कुणी वाचलाच असेल, तर तो त्याचा निर्णय होता. कोण आपण त्याची माफी मागणारे किंवा त्याला परत आणणारे?

दुसरं. मी जुना कागद दाखवून ‘आम्ही इथले’ असं सिद्ध करायला निघालेलो नाही. तो सापळा आहे. मालेगावचे मोमीन उघड सांगतात की त्यांचे पूर्वज १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून, हातमाग डोक्यावर घेऊन आले. कोकणीपुऱ्यातले लोक कोकणातून आले, हे नावातच आहे. मग ते कमी नाशिकचे झाले? माझा कागद १९१८ चा म्हणून मी पक्का आणि शेजाऱ्याचा नाही म्हणून तो कच्चा, असा हिशोब मला नको. मी या देशाचा आहे कारण मी या देशाचा नागरिक आहे. पणजोबा त्यात साक्षीदार म्हणून लागत नाहीत.

नाशिकनं एक गोष्ट पाहिली आहे, ती इथं आठवते. शरणपूर हे नाव आज बसस्टॉपवर आणि रस्त्याच्या पाटीवर उरलं आहे. ती १८५० च्या दशकात वसलेली ख्रिस्ती मिशनची वसाहत. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणून वाढवली, शिकवली गेली. त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. त्यांतला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, शवासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाला हजर होता. जगाच्या इतिहासात त्याचं नाव आहे. पण जेकब वेनराइट हे नाव त्याच्या आईनं ठेवलेलं नव्हतं. त्या मुलांची मूळ नावं, गावं, आईबाप कुणी नीट लिहून ठेवले नाहीत, कारण लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही. पुढे त्यांतल्या कित्येकांना मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला नेलं गेलं. आज त्यांच्या वंशजांनी आपलं मूळ शोधायचं ठरवलं तर माग नाशिकच्या मिशनपाशी येऊन थांबतो.

वंशावळीच्या कागदाबद्दल यातून मी एकच शिकलो. रकाना कोण भरतो, यावर सगळं अवलंबून असतं. मास्तरांनी ‘मुसलमान’ लिहिलं, मिशनऱ्यानं ‘जेकब’ लिहिलं, कोतवालानं ‘मुलगी’ लिहिलं. पंचवटीची नामावळ इतकी जिवंत वाटते ती याचमुळे, की तिथं माणूस स्वतःच्या हातानं लिहितो. अर्थात तिथंही तोच येतो ज्याला घाटावर येऊ दिलं जातं. याच पंचवटीत २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या बंद दारासमोर सत्याग्रह सुरू करावा लागला, हे विसरून चालणार नाही. ज्यांना दारात येऊ दिलं नाही त्यांच्या सात पिढ्या कोणत्या वहीत शोधायच्या?

आणि आता तिसरा, ज्याच्याशी मुख्य भांडण आहे. तो म्हणजे सरकार.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्यानंतर महाराष्ट्रानं जे पाहिलं ते अभूतपूर्व होतं. तहसीलची, शाळांची, भूमी अभिलेखची, तुरुंगांची दप्तरं उघडली. मोडी वाचक शोधले, मराठवाड्यासाठी उर्दू-फारसी वाचणारे शोधले. (होय, ‘कुणबी’ हा शब्द सापडायला उर्दू वाचणारा माणूस लागला. उर्दूला परकी म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.) सरकारनंच सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे पन्नास लाखांवर नोंदी सापडल्या. स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकल्या. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधाराचा शासन निर्णयही निघाला.

माझा त्याला विरोध नाही. मराठा शेतकऱ्याच्या पोराला त्याच्या पणजोबाचा कागद सरकारनं शोधून दिला, उत्तम केलं. आरक्षण कुणाला किती हा वाद वेगळा, तो इथं घालत नाही. मी एवढंच विचारतो: ते पान उलटताना कुणब्याच्या खालची ओळ कुणी वाचली का? माझ्या १९१८ च्या त्या पानावर मराठा, महार, माळी, कोळी, पिंजारी एकाच शाईत आहेत. ज्यानं ते पान स्कॅन केलं त्यानं एक ओळ टिपून घेतली आणि बाकीच्या ओळी पुन्हा गठ्ठ्यात बांधल्या. त्या ओळींतले मुलाणी, तांबोळी, पिंजारी आणि त्यांच्यासोबत पारधी, वडार, कैकाडी आजही खेपा घालतायत. त्यांना सांगितलं जातं, कागद तुम्ही शोधा, मोडी वाचक तुम्ही आणा, फी तुम्ही भरा.

जी यंत्रणा एका समाजासाठी दारात चालत गेली, ती दुसऱ्यासाठी काउंटरच्या मागे का बसून राहते? हे धर्मावरचं आरक्षण मागणं नाही, दाखले कधीच दिलेले आहेत, यादीत जाती कधीच आहेत. ही मागणी फक्त अख्खं पान वाचण्याची आहे.

आणि याच सरकारचा दुसरा चेहराही बघा. २०२५ च्या जानेवारीत राज्यात उशिरा जन्मनोंदीचे दाखले देणं थांबवलं गेलं, मालेगावातल्या दाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं गेलं. खोटा कागद करणारा आणि पैसे घेऊन त्यावर सही करणारा, दोघांना शिक्षा व्हायलाच हवी. पण घरात सुईणीच्या हातून जन्मलेली, शाळेची पायरी न चढलेली सत्तर वर्षांची बाई दाखला मागते, तेव्हा तिच्याकडे आधी संशयानं बघायचं, की आपल्याच गोदामातलं कोतवाल बुक आधी उघडायचं? नोंद ठेवायचं काम तिचं नव्हतं, सरकारचं होतं. स्वतःचं दप्तर बंद ठेवून लोकांकडे पुरावा मागणं याला न्याय म्हणत नाहीत.

सरकार जागं होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करा, एवढीच माझ्या वाचकांना विनंती.

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ आजच बसा. पुरुष घोडेस्वारांच्या गोष्टी सांगतात, बायका खऱ्या सांगतात. माहेर कुठलं, मामा काय काम करायचे, आधी कोणत्या गावात होतो, कोणत्या साथीत कोण गेलं, विचारा आणि लिहून घ्या. मग काझीसाहेबांकडे जा. जुन्या निकाहच्या रजिस्टरात नवरा-नवरीचं, बापांचं, वकील-साक्षीदारांचं नाव आणि मेहेर असतो. सगळ्या दप्तरांत बाईचं नाव ठळक सापडण्याची ही एकच जागा. ती रजिस्टरं उर्दूत आहेत, वाळवी लागते आहे, त्यांचे फोटो काढून ठेवा. शाळेचं जनरल रजिस्टर बघा, आणि फक्त आजोबांचंच नाही, त्यांच्या भावांचं, चुलत्यांचंही. एकाच्या दाखल्यावर मुसलमान असेल तर दुसऱ्याच्या दाखल्यावर जात असू शकते. आमच्या फुफीच्या दिराचं तसंच निघालं. शेत होतं का? मुलाण्यांना, फकिरांना, काझींना गावकीच्या कामासाठी इनामं होती. ती खालसा झाली तेव्हाचे फेरफार आहेत. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे-फेरफार स्कॅन केलेले आहेत, त्यांत नाशिक आहे. आणि पोरांना मोडी शिकवा. पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग असतात. आपल्या वस्तीतली चार पोरं मोडी शिकली तर चारशे घरांचा प्रश्न सुटेल.

आणि कुठलाही रकाना भरताना खरं लिहा. पिंजारी असाल तर पिंजारी लिहा. तुमचा नातू दुवा देईल.

मी त्या पानाची नक्कल काढली, शिक्का मारून घेतला. दाखल्याचं काम झाल्यावर ती फाइलला लावून ठेवणार होतो, पण फुफीनं मागून घेतली. तिला मोडी येत नाही, मराठीही अडखळत वाचते. तिनं मला बोट ठेवून दाखवायला सांगितलं, ती मुलगी कुठली. मी दाखवली. तेव्हापासून दर शबे-बरातला मय्यतांची नावं घेऊन फातिहा देताना ती शेवटी थांबते आणि म्हणते, "और वो बच्ची."

बडे अब्बा या वर्षी त्या वेळी समोर बसले होते. त्यांनीही हात उचलले. अरबस्तानाची गोष्ट आमच्या घरात त्यानंतर निघालेली नाही.